परक्या पावसाचं सरोवर

तुर्काना सरोवराच्या काठावर पाऊस जवळजवळ पडतच नाही. वर्षाकाठी २०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही कुठल्या महिन्यात येईल याचा भरवसा नाही. तरीही केनियाच्या उत्तर टोकाला, काळ्या दगडांच्या आणि तांबूस वाळूच्या मुलखात, सुमारे अडीचशे किलोमीटर लांबीचं पाणी पसरलेलं आहे. वाळवंटातलं एवढं मोठं कायमचं सरोवर जगात दुसरं नाही. हे पाणी येतं इथिओपियाच्या डोंगरांतून. तिथे जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो, ओमो नदी गढूळ होऊन दक्षिणेला निघते आणि शेकडो किलोमीटर वाहून या खळग्यात रिती होते. सरोवराला मिळणाऱ्या पाण्याचे दहातले आठ-नऊ वाटे तिचे एकटीचे. बाहेर पडायला वाट नाही. ऊन दरवर्षी दोन मीटरांहून जास्त पाणी वर उचलतं, क्षार तेवढे मागे ठेवतं, आणि पुढच्या पुराची वाट बघत सरोवर पडून राहतं.

या पाण्याकडे नुसतं बघत बसण्यात दिवसाचा मोठा भाग जातो, आणि गेल्याचं वाईट वाटत नाही. वारा असतो तोवर ते ढवळलेलं, करडं, शिशाच्या रंगाचं दिसतं. वारा पडला की पाण्यात विखुरलेलं सूक्ष्म शेवाळ हळूहळू वर येतं आणि बघता बघता सगळा विस्तार आतून उजळल्यासारखा हिरवा होतो. आषाढात लावणी होऊन रोपांनी मूळ धरलं की भाताच्या खाचराला जो हिरवा चढतो, तो हा हिरवा. फक्त त्याच्या चारी बाजूंना गवताची काडी नाही. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं तर मचूळ लागतं, बोटांना बुळबुळीत. माणसं ते पितात, कारण पुष्कळदा दुसरं नसतं.

मार्च १८८८ मध्ये हंगेरीचा सरदार सामुएल तेलेकी आणि त्याच्यासोबतचा ऑस्ट्रियन नौदलातला अधिकारी लुडविग फॉन ह्योनेल दक्षिणेकडून इथे पोहोचले. ओझी वाहणारे शेकडो हमाल आफ्रिकी होते, वाट माहीत असलेले लोक तिथलेच होते. तरी पुस्तकांत लिहिलं गेलं की सरोवराचा शोध लागला. त्याला ऑस्ट्रियाचा युवराज रुडॉल्फ याचं नाव दिलं, आणि उत्तरेकडच्या एका लहान सरोवराला त्याच्या बायकोचं, स्टेफनीचं. रुडॉल्फने हे पाणी कधी पाहिलं नाही. पुढच्याच वर्षी तो वारला. त्याचं नाव मात्र १९७५ पर्यंत नकाशावर राहिलं. एवढ्या काळात या काठावर जन्मून, मासे मारून, गुरं राखून मेलेल्या माणसांच्या किती पिढ्या झाल्या असतील, याचा विचार मी नकाशा उलगडला की हमखास करते.

नैरोबीला माझा मामेभाऊ राहतो. त्याला वाटत होतं की मी सगळ्यांसारखी मसाई माराला जाईन, सिंह बघेन आणि परत येईन. "तिकडे उत्तरेला काय बघणार तू? दगड?" दादाने विचारलं होतं. वहिनीने काही न विचारता दशम्या बांधून दिल्या. दगड होतेच, पण त्यांच्याविषयी नंतर.

पश्चिम काठाला जायचं तर लोडवार गाठावं लागतं. ब्रिटिशांनी हा सगळा मुलूख दूर आणि बंद ठेवला होता, इतका दूर की स्वातंत्र्यलढ्याचे नेते जोमो केन्याटा यांना कैदेत आणि नंतर नजरकैदेत ठेवायला त्यांनी इथलीच गावं निवडली, आधी लोकिताउंग आणि मग लोडवार. आज लोडवार मोटारसायकलींनी आणि मोबाइलच्या दुकानांनी गजबजलेलं गाव आहे. गावाबाहेर नद्यांची पात्रं रुंद आणि कोरडी. त्यांत बायका झिरे खणतात. एक बाई खड्ड्यात उतरलेली, नुसते हात वर दिसतात. ती डबा भरून वर देते, दुसरी तो घेऊन लाकडी पन्हळीत ओतते आणि शेळ्या दाटीवाटीने तोंड घालतात. झिरा जेवढा खोल तेवढा दुष्काळ जुना. २०२० नंतर लागोपाठ पाच पावसाळे हुकले, तेव्हा हे खड्डे खोल खोल होत गेले आणि वर थांबणाऱ्या शेळ्या कमी कमी होत गेल्या.

लोडवारपासून कालोकोलपर्यंत रस्त्याच्या कडेला जागोजाग काटेरी हिरवं दाटलेलं होतं, आणि ते ओळखीचं निघालं. सोलापूर-नगरकडे तलावांच्या पोटात आणि पडीक रानांत माजलेली वेडी बाभूळ! दक्षिण अमेरिकेकडचं हे झाड १९८०च्या दशकात इथे मुद्दाम लावलं, वाळवंट थोपवायचं म्हणून. केनियात त्याला मथेंगे म्हणतात. त्याने सावली दिली, सरपण दिलं, कोळसा दिला. आणि मग ओढ्यांचे काठ, चराईची जागा, पाण्याच्या वाटा सगळं गिळलं. दक्षिणेकडच्या बारिंगोत तर त्याच्या गोड शेंगा खाऊन शेळ्यांचे दात गेले, आणि लोकांनी बिनदातांची शेळी थेट न्यायालयात नेऊन उभी केली होती. आपल्याकडच्या कुणा धनगराने ती शेळी पाहिली असती तर त्याला सगळं न सांगता कळलं असतं.

कालोकोलला मासे गोठवण्याचा कारखाना आहे, म्हणजे त्याची इमारत आहे. नॉर्वेच्या मदतीने तो बांधला गेला. तुर्काना लोक दुष्काळात गुरं गमावतात, तर त्यांना मासेमारी शिकवावी, मासा गोठवून शहरात पाठवावा, असा तो विचार होता. हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही. पण इथल्या उन्हात मासा थंड करायला लागणारी वीज आणि गोडं पाणी आणायचं कुठून, हा प्रश्न सुटला नाही, आणि १९८०च्या दशकात जवळच्या फर्ग्युसनच्या आखाताचं पाणीच आटलं. ज्यांना गुरांकडून होड्यांकडे आणलं होतं, त्यांच्या होड्या वाळूत राहिल्या. सरोवर असंच आहे. पसरट काठावर ते एका पिढीत कोसभर मागे जातं आणि पुढच्या पिढीत घरात शिरतं. ते मोजायचं तर आयुष्यभर शेजारी राहावं लागतं.

सेंट्रल आयलंडला आम्हाला नेणारा नावाडी तुर्काना होता, केस पिकलेला. तोंडात पिलूची काडी, जिला आपण मिसवाक म्हणतो. निघायच्या आधी तो बराच वेळ काठावर उभा राहिला. दक्षिण-पूर्वेकडून येणारा वारा दोन डोंगररांगांच्या फटीतून चेपला जाऊन इथे सुसाट सुटतो, आणि पाणी एवढं लांब-रुंद की लाटा समुद्राच्या होतात. या पाण्याने अनुभवी माणसंही गिळली आहेत. मी घड्याळ बघत होते, तो दूरच्या पाण्यावरची एक काळसर रेघ बघत होता. ती रेघ विरली तेव्हा तो म्हणाला, "आता."

बेट ज्वालामुखीचं आहे. राखेचे उतार, कुठे कुठे जमिनीतून वाफ, आणि माथ्याकडे चढून गेलं की खाली विवरांत तीन तळी. एकाला मगरींचं नाव, एकाला रोहित पक्ष्यांचं, एकाला तिलापिया माशाचं. आम्ही मगरींच्या तळ्याच्या कडेवर ओणवून बसलो. पाणी गडद होतं. सुरुवातीला काहीच दिसत नाही, मग काठावरचं एक लाकूड जबडा उघडतं. मग दुसरं. मग कळतं की लाकूड इथे नाहीच.

या मगरींची गोष्ट मला फार मोलाची वाटते. आफ्रिकेत ठिकठिकाणी नाईल मगरी कातड्यासाठी मारल्या गेल्या. १९६०च्या दशकात अ‍ॅलिस्टेअर ग्रॅहम यांनी तुर्कानाच्या मगरींचा अभ्यास केला, तेव्हा इथे सुमारे १४,००० मगरी असाव्यात असा त्यांचा अंदाज होता. इतक्या वाचल्या त्याचं एक कारण हे मचूळ पाणी. त्यातल्या क्षारांत राहून इथल्या मगरींच्या पोटाच्या कातडीवर कठीण गुठळ्या धरतात, आणि तसं कातडं पर्स-पट्ट्यांच्या बाजाराला नको असतं. जे पाणी माणसाचे दात आणि हाडं बिघडवतं, त्यानेच मगरीला खोड देऊन जिवंत ठेवलं.

नावाड्याने वाळूतला एक खळगा दाखवला, अंड्यांची टरफलं अजून विखुरलेली. पिल्लं अंड्यातूनच ओरडतात, मग आई वाळू उकरते, आणि ज्या जबड्याने ती गाढवाचा पाय मोडते त्या जबड्यात पिल्लं धरून पाण्यापर्यंत नेते. हे मी वाचलं होतं. त्याने ते लहानपणी लपून पाहिलं होतं. त्याच्या भावाला याच सरोवरात मगरीने ओढून नेलं होतं, हेही त्याने त्याच आवाजात सांगितलं. त्या बोलण्यात राग नव्हता. मी काय बोलावं हे मला सुचलं नाही, आणि त्यालाही ते अपेक्षित नसावं; तो पुढच्या तळ्याकडे चालू लागला.

तिथे रोहित होते. उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून शेवाळ गाळत चाललेला गुलाबी थवा. आणि सरोवराच्या ओल्या काठावर, पाण्याच्या रेघेला चिकटून, चिमणीएवढे करडे पक्षी लगबगीने चिखल टोचत धावत होते. छोटे टिलवे. मला भिगवणच्या पाण्याची आठवण झाली नसती तरच नवल. हा पक्षी उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात अंडी घालतो आणि हिवाळ्याआधी दक्षिणेला निघतो. काही आपल्या उजनी-जायकवाडीला उतरतात, काही सरळ आफ्रिकेत. तुर्कानाच्या काठावर हिवाळ्यात त्यांची संख्या लाखाच्या पुढे जाते. संध्याकाळी नावाड्याने तिलापिया भाजली. हाही मासा मूळचा आफ्रिकेचा. त्याची एक जात १९५२ साली भारतात आणली गेली, आणि उजनीचे भोई आज तिच्या भाऊबंदांना चिलापी म्हणून विकतात. भाजलेल्या माशाबरोबर मी वहिनीची दशमी पुढे केली. त्याने वास घेतला, तुकडा मोडला, आणि उरलेल्या दोन फडक्यात बांधून नातवंडांसाठी ठेवल्या.

या सरोवराचं नाव जगाला माहीत आहे ते मुख्यतः हाडांमुळे. पश्चिम काठावर नारिओकोतोमेजवळ १९८४ साली कामोया किमेऊ या केनियन शोधकाला कोरड्या ओढ्याकाठी काडेपेटीपेक्षा लहान असा कवटीचा तुकडा दिसला. त्या दिवशी खरं तर सुट्टी होती. तो सहज फिरत होता. दगडगोट्यांच्या रंगाचा तो तुकडा ओळखणारी नजर किती वर्षं घडत गेली असेल! त्या तुकड्यामागून पंधरा-सोळा लाख वर्षांपूर्वीच्या एका मुलाचा जवळजवळ सगळा सांगाडा निघाला. लोमेक्वीला तर ३३ लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं सापडली आहेत, आपल्या ‘होमो’ प्रजातीच्याही आधीची. आणि लोथागमला सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी आहे. दगडी खांब उभारलेले, मधल्या खड्ड्यात किमान ५८० माणसं. बायका, पुरुष, म्हातारे, तान्ही मुलं. कुणाला जास्त मान नाही, कुणाला कमी नाही. जवळजवळ प्रत्येकाच्या अंगावर मणी, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे, रंगीत दगडांचे. त्या काळात पाऊस कमी होत होता आणि सरोवर झपाट्याने आटत होतं. पाणी मागे सरत असताना या पशुपालकांनी एकत्र येऊन शेकडो वर्षं आपल्या माणसांना एकाच जागी ठेवलं.

हे सगळं थोर आहे. पण त्यातून एक खोड लागते, आणि ती मी माझ्या आवडत्या प्रवासलेखकांतही पाहिली आहे. मानवजातीचा पाळणा म्हणता म्हणता इथली आजची माणसंही पाळण्यातलीच वाटू लागतात. बाभळीच्या सावलीत एक तुर्काना म्हातारा डोक्याखाली एकिचोलोंग घेऊन झोपलेला दिसतो. ते लाकडाचं एवढंसं आसन, बसायला पाट आणि निजायला उशी. लगेच कुणीतरी लिहितं की हजारो वर्षांत इथे काही बदललं नाही. तो म्हातारा जागा झाला तेव्हा त्याने कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला आणि मुलाने नैरोबीहून पैसे पाठवले का ते पाहिलं. पलीकडे बायका खारवलेला, वाळवलेला मासा गठ्ठ्यांत बांधत होत्या. तो ट्रकने किसुमूला जातो, पुढे थेट काँगोपर्यंत, आणि तिथला भाव काय चाललाय हे त्यांना तोंडपाठ होतं. दुष्काळात पन्नास शेळ्यांच्या चार झाल्या म्हणून जाळं हाती घेतलेली ही माणसं. आपल्याइतकीच आजची, आणि आपल्यापेक्षा जास्त हिशेबी, कारण चुकण्याची चैन त्यांना परवडत नाही.

पूर्व काठ मी वेगळ्या वेळी पाहिला. मध्ये पूल नाही, रस्ता नाही. जावं लागतं ते लांबून, वाळवंटाला वळसा घालून. लोइयांगालानीच्या अलीकडे दादाने विचारलेले ते दगड सुरू होतात. फुटबॉलएवढे काळे लाव्ह्याचे गोटे, नजर जाईल तिथवर, जणू कुणी वरून ओतले आहेत. टायर फाडणारे. आणि त्यांच्या शेवटी एका वळणावर एकदम खाली ते हिरवं पाणी, मध्ये साउथ आयलंडचा काळा कणा. गाडीतल्या कुणीही काही बोललं नाही.

त्याच्या आधी पवनचक्क्या लागतात. ३६५ आहेत, ३१० मेगावॅट क्षमतेच्या, २०१९ साली थाटात उद्घाटन झालेल्या. नावाड्याने ज्याच्यासाठी काठावर थांबून वाट पाहिली होती त्या वाऱ्याला इथे पाती जोडली आहेत. वीज चारशे किलोमीटरहून दूर नैरोबीजवळच्या सुसवाकडे जाते. स्वच्छ विजेबद्दल माझ्या मनात आदर आहे, आणि देशाला ती हवीच आहे. पण जमीन होती रेंदिल्ले, सांबुरू, तुर्काना यांच्या गुरांची, सगळ्यांची मिळून. आणि ती देताना कायद्याची रीत पाळली गेली नाही असं २०२१ साली न्यायालयानेच म्हटलं. तारांखालून उंट हाकणाऱ्या मुलांना मी वीज कुठे जाते ते विचारलं. त्यांनी हाताने दक्षिण दाखवली.

लोइयांगालानीला झरे आहेत, कुलाल पर्वतातून येणारे, आणि त्यांच्या आधाराने वाढलेले दूम ताड. हा ताड आपल्या ताडासारखा एकखांबी नसतो, त्याला फांद्या फुटतात. गावाच्या उत्तरेला उपसागराच्या काठी एल मोलो राहतात. केनियातल्या अगदी लहान समाजांपैकी एक. जनगणनेत त्यांची संख्या हजाराच्या आसपास भरते, आणि त्यातही सांबुरू-तुर्कानांशी सोयरिकी झालेले पुष्कळ. गुरं राखणाऱ्यांच्या या मुलखात ते पिढ्यान्पिढ्या मासेमारीवर जगले. ताडाचे ओंडके बांधून तराफा, ताडाच्याच झावळ्यांचं घुमटासारखं घर, ताडाच्या धाग्याचं जाळं. एकेकाळी पाणघोड्याची शिकार हा त्यांच्यात मोठा मान होता. आता कायद्याने ती बंद आहे. त्यांची स्वतःची भाषा बोलणारी शेवटची पिढी विसाव्या शतकाबरोबर गेली. घरात आज सांबुरू बोलतात. मासे, वारा, जाळं यांचे काही शब्द मागे राहिलेत आणि तरुण पोरं ते म्हाताऱ्यांकडून वहीत उतरवून घेतात.

एका घराच्या सावलीत चार-पाच जणी बसल्या होत्या. पाहुण्यांना फोटो हवे असतात हे त्यांना माहीत, त्याचे पैसे ठरलेले. मी पैसे दिले आणि कॅमेरा पिशवीतच ठेवला, कारण त्यांतल्या वयस्क बाईचं सगळं लक्ष माझ्या गळ्याकडे होतं. तिच्या स्वतःच्या गळ्यात लाल-निळ्या मण्यांच्या इतक्या माळा की मान दिसत नव्हती. इथे मण्यांवरून बाई कुमारी की लग्नाची, हे लांबूनच वाचता येतं. माझ्या काळ्या मण्यांना हात लावून तिने दुभाष्या मुलीला काहीतरी विचारलं. मुलगी म्हणाली, "आजी विचारते, हे लग्नाचं का?" मी हो म्हटलं. मग पुढचा प्रश्न: तुझ्यासाठी त्यांनी किती गुरं दिली? मी सांगितलं की आमच्याकडे मुलीसाठी काही देत नाहीत, उलट माझ्या वडिलांनीच लग्नाचा खर्च केला. मुलीने सांगितल्यावर सगळ्या एकदम गप्प झाल्या आणि मग एकदम बोलू लागल्या. आजीने माझा हात हातात घेतला. "म्हणजे तुझ्या आईला काहीच मिळालं नाही?" माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. आजही नाही. एवढ्या लांब मी त्यांच्या चालीरीती पाहायला गेले होते, आणि त्यांनी माझ्या चालीरीती पाहिल्या. त्यांचं बघणं माझ्यापेक्षा सरळ होतं.

तिथल्या मुलांचे दात तपकिरी आहेत. पाण्यात फ्लोराइड आहे. यवतमाळ-नांदेडकडच्या काही गावांत असेच दात आणि वाकलेले पाय बघितलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. गेल्या काही वर्षांत सरोवर चढत गेलंय. २०१९-२०च्या जोरदार पावसाने रिफ्ट खोऱ्यातली सगळीच सरोवरं फुगली. एल मोलोंच्या कोमोटे गावाचं बेट झालं, गोड्या पाण्याचा नळ बुडाला, शाळेची वाट बुडाली, आणि मगरी असलेल्या पाण्यातून मुलं होडीने शाळेला जाऊ लागली. काठावर दुष्काळाने गुरं मरत होती त्याच काळात पाणी घरांत आलेलं होतं. परक्या पावसावर जगणं म्हणजे काय, हे मला तिथे नीट कळलं.

लायेनी या एल मोलोंच्या दुसऱ्या गावी जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराशी बोलणं निघालं ते ओमोचं. इथिओपियाने त्या नदीवर गिबे-३ हे धरण बांधलं, २४३ मीटर उंचीचं. २०१५ साली ते भरायला लागलं, पुढच्या वर्षी उद्घाटन झालं. त्या काळात सरोवर खाली गेलं आणि काठावर सगळ्यांच्या पोटात गोळा आला. नंतर पावसाने पाणी वर आणलं, पण पुराचा तो जुना ठेका गेला. गढूळ लोंढा आला की मासे उथळ पाण्यात येऊन अंडी घालतात. लोंढा माणसाने चावीने सोडायचा असेल तर माशांना कोण सांगणार? खाली नदीकाठी उसाची शेती वाढते आहे, तीही पाणी ओढते. २०१८ साली युनेस्कोने इथली राष्ट्रीय उद्यानं धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकली. त्या मच्छीमाराला हे सगळं माहीत होतं, माझ्यापेक्षा बारकाईने.

मग त्याने मला विचारलं, तुमच्याकडे अशी नदी आहे का, एकाच्या डोंगरात उगवणारी आणि दुसऱ्याच्या शेतात जाणारी?

मी त्याला कृष्णेचं सांगितलं. महाबळेश्वरला उगवते, चार राज्यं पार करते, आणि कुणी किती पाणी घ्यायचं यावरून पिढ्या भांडताहेत. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीचा विषय निघाला की सांगलीकरांना आजही पुराचं पाणी दिसतं. सरकारने १९६९ साली पाणीवाटपासाठी लवाद नेमला. लवाद म्हणजे काय ते समजावताना मला वेळ लागला: सगळ्या बाजू बसतात, वकील बोलतात, न्यायाधीश वाटा ठरवून देतात.

"ओमोसाठी असं काही नाही," तो म्हणाला. "आणि तुमच्या त्या बैठकीत मासे मारणारे बसतात का?"

नाही, मी म्हटलं. राज्यं बसतात.

त्याने जाळं मांडीवरून खाली ठेवलं आणि बोटं मोजायला लागला. मग कोण कोण बसायला हवं ते तो सांगू लागला, नदीच्या वरच्या अंगापासून. बोदी. मुर्सी. कारो, जे पूर ओसरला की गाळात ज्वारी पेरतात. न्यांगाटोम. डासानेच, जे मुखाशी राहतात आणि ज्यांच्याशी तुर्कानांची जाळ्यांवरून मारामारी होते. ते तर हवेतच, तो म्हणाला, भांडण आहे म्हणूनच हवेत. मग पश्चिमेचे तुर्काना. पूर्वेचे गाब्रा, रेंदिल्ले, सांबुरू. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्याची चालू होती. शेवटी त्याने आपल्या लोकांचं नाव घेतलं आणि पलीकडे जाळं ओढणाऱ्या मुलाला हाक मारून विचारलं, अजून कुणी राहिलं का? मुलगा जरा थांबला. "वाटा," तो म्हणाला. त्या लहानशा समाजाला बहुतेक सगळेच विसरतात. म्हाताऱ्याने मान हलवली आणि पहिलं बोट पुन्हा मोजलं.